न ठरलेली खूण

शाळेच्या कंपाउंडची भिंत सुरू झाली आणि मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. चिर्र, चिर्र, चिर्र. घरट्यातलं पिल्लू चोच उघडून मागतं तसा, बारीक आणि नेमाचा. मी मामांच्या मोटारसायकलवर मागं बसले होते, मांडीवर झेंडूचं पोतं होतं. तेच कशाला तरी घासत असेल म्हणून मी ते उचलून पोटाशी धरलं. आवाज तसाच राहिला. मग भिंत संपली आणि तोही संपला.

खरं तर संपला नव्हता. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जात होता. भिंतीवर आपटून परत आला तेवढाच माझ्यापर्यंत पोचला होता.

"मामा, आवाज ऐकलात?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"कसला?"

"चिर्र चिर्र करतंय काहीतरी."

"फुलं दाबली जात्यात का बघ. चपटी फुलं नेली तर तुझी मामी मलाच बोलंल."

खंडेनवमीची दुपार होती. आजऱ्याच्या बाजारातून फुलं घेऊन आम्ही आंबोली रस्त्यावरच्या मामांच्या गॅरेजकडे निघालो होतो. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन चार महिने झाले होते आणि नोकरी लागायची होती, म्हणून दसऱ्याला आजोळी आले होते.

मामांची गाडी साठ सालच्या आसपासची, परदेशी, गोव्याच्या एका डॉक्टरांकडून आलेली. टाकीवरचं नाव रंगाखाली कधीच झाकून गेलं होतं. गावात तिला सगळे 'बिनचेनची' म्हणत, कारण तिला चेन नव्हती. इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे एका पोलादी दांड्यातून जायची. हा शाफ्ट उजव्या बाजूच्या जाड नळीत बंद असायचा. चाक खड्ड्यात वरखाली होतं आणि इंजिन जागेवर राहतं, म्हणून शाफ्टच्या पुढच्या टोकाला सगळीकडे वाकणारा एक सांधा होता आणि त्यावर तेल धरून ठेवणारा रबरी बूट. लहानपणी मी मामांना विचारलं होतं की चेन बरी की शाफ्ट. ते म्हणाले होते, "शाफ्ट बरा. पण चेन तुटली तर गाडी थांबते. सांधा तुटला तर शाफ्ट नळीत आडवा होतो, चाक जाम होतं आणि माणूस थांबतो."

मागून वडापची, प्रवासी कोंबलेली जीप आली. तिचा हॉर्न कानात सुई खुपसावी तसा होता. ड्रायव्हर तो सोडायलाच तयार नव्हता. मामा मात्र रस्त्याच्या मधोमध, शांत. जीप इतकी जवळ आली की तिच्या रेडिएटरची ऊब माझ्या पाठीला लागली. मी घाबरून मामांचा उजवा खांदा घट्ट धरला. त्याच क्षणी गाडी डावीकडे सरकली. हँडल माझ्याच हातात असावं इतक्या सहज.

"कधीचा हॉर्न मारत होता तो," मी म्हटलं.

"घाई झालीया सगळ्यांस्नी," मामा म्हणाले.

गॅरेजच्या आधी उतार आहे. तिथं मामा नेहमी गाडी न्यूट्रलला टाकत. इंजिन खाली बसलं आणि चिर्र चिर्र भिंतीशिवायही ऐकू यायला लागला. वेग उतरला तसा आवाजही सावकाश झाला. म्हणजे इंजिनाचा त्यात हात नव्हता. चाकाबरोबर फिरणारं काहीतरी बोलत होतं. उद्या सकाळी याच गाडीवर मामा-मामी आंबोलीचा घाट उतरणार होते. मामीचं माहेर घाटाखाली माडखोलला. लग्नानंतरचा एकही दसरा त्यांनी चुकवला नव्हता. मामांच्या लेखी सीमोल्लंघन म्हणजे घाट उतरून मेव्हण्याच्या हातात सोनं देणं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि तिला लागून घर. सकाळीच हत्यारं पूजेला बसली होती. लाल कापडावर पाने, पकडी, हातोड्या, सगळं रॉकेलनं धुऊन पुसून मांडलेलं, प्रत्येकाला हळद-कुंकू. मधोमध लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. मामांचं नाव झालं ते या स्क्रू ड्रायव्हरमुळे. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. 'टॅपेट बोलतंय', 'बेअरिंग निघालंय' असं मामा सांगायचे आणि उघडल्यावर तेच निघायचं. निपाणीपासून लोक गाड्या घेऊन यायचे. त्या मुठीवर कायम ग्रीसचा काळा थर असायचा. त्या दिवशी मात्र मूठ कोरडी, पांढरट दिसत होती. धुतल्यामुळे असेल, असं मला तेव्हा वाटलं.

गाडीची पूजा आम्ही फुलं आणल्यावर करायची होती. शेजारचे परशुनाना आले. जन्मभर एस.टी. चालवून निवृत्त झालेले. चपला शेडबाहेर काढून ते आत आले आणि त्यांनी गाडीकडे बघून हात जोडले.

"मिस्त्री, माझ्या बसला असा हार कुणी घातला असता तर अजून चालवत बसलो असतो."

"तुमच्या बसला हार घालायला ती जागेवर उभी तर राहायला पायजे. ब्रेक कुठं हुते?"

"ब्रेक हुते. लागायचे न्हाईत, ही गोष्ट वेगळी."

मामीनं आरती केली. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता गाडी लिंबावरून पुढं ढकलायची, मागं घ्यायची आणि स्टँडवर लावायची, एवढंच राहिलं होतं. नाना मागून ढकलायला लागले. इंजिन बंद होतं, शेड शांत होती.

चिर्र. चिर्र. चिर्र.

"आरं," नाना थांबले. "पाखरू अडकलं काय चाकात?"

"कुठं?" मामा हँडल धरून वळले.

"हे काय, चिर्र चिर्र..."

"ढकला बघू परत."

नानांनी गाडी मागं घेतली, पुन्हा पुढं ढकलली. आवाज स्पष्ट होता. पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच. मामांनी मान तिरकी केली. पण ते चाकाकडे बघत नव्हते. ते आमच्या तोंडाकडे बघत होते. आधी नानांच्या, मग माझ्या, मग मामीच्या.

"कुठाय? मला तर काय ऐकू येईना."

मामीच्या हातातलं तबक हललं. त्यातली सुपारी कडेपर्यंत घरंगळली. नानांनी मामीकडे एकदाच पाहिलं.

"न्हाई न्हाई," ते घाईनं म्हणाले. "माझ्याच चपलेचा असंल. नवी हाय, वाजतीया."

मामा हसले. "नव्या चपलेला तेल पाजा नाना," असं म्हणून त्यांनी गाडी स्टँडवर ओढली.

नाना अनवाणी होते.

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. मामी घरात गेली. एका मोठ्या माणसानं माझ्यासमोर इतकं उघड खोटं बोलावं आणि दुसऱ्यानं ते हसून घ्यावं, हे मला कळेना. मला वाटलं माझंच काहीतरी सुटतंय.

मी गाडीखाली वाकून बघितलं. गाडी रोज याच जागी उभी असायची. सकाळी मामीनं तिच्याभोवती रांगोळी काढली होती. उजव्या बाजूच्या एका पाकळीत पावलीएवढा तपकिरी डाग होता. रांगोळीनं तेल पिऊन घेतलं होतं. मान वर करून पाहिलं तर डागाच्या बरोबर वर रबरी बूट.

"मामा, बुटातून तेल येतंय. उघडून बघू या?"

"आज?" हँडलवरचा सैल झालेला हार पुन्हा बांधता बांधता मामा म्हणाले. "आज पान्याला हात लावायचा न्हाई. वर्षातनं एक दिस हत्यारं बसत्यात, त्येवढं तरी बसू देत."

"मग उद्या सकाळी?"

"उद्या पूजा झाली की निघायचं. ऊन चढायच्या आत घाट उतरायचा. तिचा भाऊ गेटात उभा असतोय."

"परवा जा."

"दसरा परवा असतोय व्हय गं?"

"पण गाडीत आवाज आहे, मामा."

हार बांधणारे हात थांबले. मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"रेवा, चाळीस वर्सं मी हेच करतोय. आवाज असता तर मला कळला नसता?"

हा प्रश्न त्यांनी सोडून दिला नाही. ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी घरात गेले.

मामी करंज्यांसाठी पीठ मळत होती. शेगडीवरच्या कुकरनं शिट्टी दिली. शेडमध्ये मामा खुर्चीत बसलेले दारातून दिसत होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. दुसरी शिट्टी झाली. माझ्या अंगावर शहारा येईल इतकी ती जवळ होती. मामांची पापणीही हलली नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

मामीनं न समजल्यासारखं केलं नाही.

"दोन वर्षं होतील. आधी ही शिट्टी गेली. मग फोनची रिंग. एकदा अंगणात बसलो होतो, तर म्हणाले, यंदा रातकिडे कमी झालेत ना गं? मी म्हटलं, हो."

"आणि गिऱ्हाईकं?"

"माणसाचं बोलणं कळतं. जाड आवाज कळतात. बारीक तेवढे गेले. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, गाडी कशी बोलते ते तोंडानं करून दाखव. माणसं हसत हसत करून दाखवतात. त्यांना वाटतं मिस्त्री गंमत करतोय."

मलाही तसंच वाटलं होतं. मे महिन्यात एक मास्तर शेडमध्ये उभे राहून गाल फुगवून आपल्या स्कूटरचा आवाज काढत होते आणि मी पोट धरून हसले होते.

"डॉक्टरकडे नेलं नाहीस?"

"विषय काढला तर तीन दिवस नीट जेवले नाहीत. कानात मशिन घातलेल्या मिस्त्रीकडे आवाज दाखवायला कोण येईल, म्हणाले. तेही मला नाही, भिंतीकडे बघून."

"अगं पण घाटात? मागून गाड्या येतात..."

"मी असते ना मागे." मामीनं पिठाचे हात वर धरले. "उजवा खांदा दाबला की मागून गाडी आली. डावा दाबला की थांबा."

"तुम्ही ठरवलंत असं?"

"ठरवलं कुठे? एकदा ट्रक आला, मी भिऊन खांदा धरला, ते सरकले. दुसऱ्यांदा मी मुद्दाम धरला. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

जीपची ऊब मला पुन्हा पाठीवर जाणवली. दुपारी मी मामीची खूण केली होती आणि मला पत्ताही नव्हता.

"मामी, आज नाना म्हणाले तो आवाज..."

"चार दिवस ऐकतेय. चार दिवस त्या जागेवरचं तेलही पुसतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

मामी माझ्यावर ओरडली नाही, पण तिच्या बोलण्यात माहेरचा सूर आला. तो फार क्वचित यायचा.

"कसं सांगू गो? हॉर्नची खूण आहे. थांबण्याची आहे. गाडीच्या आतल्या आवाजाची खूण कशी असेल? तो तर त्यांनी मला सांगायचा. डावा खांदा दाबला तर थांबतील आणि विचारतील, काय झालं? मग काय सांगू? तुमची गाडी बोलतेय आणि तुम्हाला ऐकू येत नाही?"

"तो शाफ्टचा सांधा असेल तर चाक जाम होईल. घाटात."

"सांधाच असेल असं कशावरून? ब्रेक घासत असेल. नानांच्या बसचा घासायचाच की."

ती मला विनवत होती. मी 'ब्रेकच असेल' म्हणावं आणि तिनं पीठ मळत राहावं, एवढंच तिला हवं होतं. आणि माझ्याजवळ खरंच काही पुरावा नव्हता, एक डाग सोडला तर.

"मोजून येते," मी म्हटलं.

शेडमध्ये ऊन तिरकं आलं होतं. मी मागच्या चाकाजवळ मांडी घातली. टायरवर मामीनं पूजेत लावलेलं कुंकवाचं बोट होतं. तेवढीच खूण मला पुरेशी होती. गिअर न्यूट्रलला होता. स्टँडवर मागचं चाक खाली लोंबतं, त्यामुळे सांधा नेहमीपेक्षा जास्त वाकतो. मी चाक हातानं हळूहळू फिरवायला लागले. ब्रेक किंवा टायर कुठे घासत असेल तर कुंकू एकदा खाली येईपर्यंत आवाज एकदाच यायला हवा होता. तो कितीतरी जास्त वेळा येत होता. पण पूर्ण आकडा जमेना. सहा झाले की सातवा अर्ध्यावर राहायचा. म्हणून मी पाच फेऱ्या एकत्र मोजल्या. मग पुन्हा पाच.

"काय मोजतीस?" मामांनी विचारलं.

"मामा, मागच्या गिअरला दात किती?"

"चाकाकडच्या क्राउनला बत्तीस, शाफ्टाकडच्या पिनियनला धा," ते लगेच म्हणाले. असा प्रश्न कुणी विचारला की त्यांना बरं वाटायचं.

"म्हणजे चाक पाच वेळा फिरलं तर शाफ्ट..."

"सोळा."

"आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात सांधा किती वेळा वाकतो?"

"दोनदा. दोनदा वाकतो, दोनदा सरळ..." ते बोलायचे थांबले.

"मी दोनदा मोजलं," मी म्हटलं. "पाच फेऱ्यांत बत्तीस वेळा आवाज येतो."

मामांनी टायरवरच्या कुंकवाकडे पाहिलं.

"ब्रेक असता तर पाचदा आला असता," ते म्हणाले.

"हो."

"परत फिरव."

मी फिरवलं. ते खुर्चीतून उठून माझ्यासमोर उकिडवे बसले. कुंकवावर नजर ठेवून फेऱ्या मोजतील असं मला वाटलं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी मनात मोजत होते आणि ओठ हलत होते. ते ओठांवरून बत्तीस मोजत होते. पाचव्या फेरीला मी थांबले.

"बत्तीस?"

"बत्तीस."

"मला एकबी आला न्हाई," मामा म्हणाले.

दारात मामी उभी होती. हाताला पीठ तसंच. ते वाक्य बाहेर पडायला दोन वर्षं लागली होती आणि आता ते शेडच्या मधोमध होतं, सगळ्यांना दिसेल असं. मला भीती वाटली की मामा आता उठतील, घरात जातील आणि उद्या सकाळी हट्टानं गाडी बाहेर काढतील. त्यांनी एकदा घराकडे पाहिलंही.

मग ते पूजेकडे वळले.

"अहो, आज..." मामी म्हणाली.

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला. त्यावरच्या झेंडूच्या पाकळ्या लाल कापडावर पडल्या. त्यांनी तो कपाळाला लावला, कुंकू पुसलं, टोक बुटाजवळ नळीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मी चाक फिरवलं. त्यांनी डोळे मिटले, जसे पूर्वी मिटायचे. बराच वेळ गेला. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

"आताशा हा पण काय सांगत न्हाई," ते म्हणाले.

त्या कोरड्या मुठीचं कारण मला तेव्हा कळलं.

"कानाला नका लावू. मूठ दातात धरा," मी म्हटलं.

"दातात?"

"आवाज कानातूनच जातो असं नाही. दातांतून हाडात जाईल. बारीक चिर्र कदाचित नाही कळणार. पण तो येतो तेव्हा सांधा अडखळतो. तो ठोका लागेल."

"हे तुझ्या कॉलेजात शिकवत्यात?"

"शिकवतात. स्क्रू ड्रायव्हर चावून नाही दाखवत."

ते हसले नाहीत. पण मूठ त्यांनी दातांत धरली. बोलता येईना, म्हणून हातानं 'फिरव' अशी खूण केली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. आता त्यांना माझ्याकडून काही मिळता कामा नये. पुन्हा चाक फिरवायला लागले. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता. एक चिर्र झाला. दुसरा झाला. हात तसाच. मी चाक आणखी सावकाश केलं.

तिसऱ्याला त्यांचं पहिलं बोट वर झालं.

चौथ्याला पुन्हा. पाचव्याला पुन्हा. मी मध्येच फिरवायची थांबले, बोट थांबलं. फिरवलं, बोट उठलं. माझ्या कानात चिर्र आणि त्यांच्या गुडघ्यावर बोट, एकही चूक नाही. कुंकू किती वेळा वरून गेलं ते मी मोजलं नाही.

मी थांबल्यावरही मामांनी मूठ दातांतून लगेच काढली नाही. काढली तेव्हा त्या पांढरट लाकडावर दातांचे ठसे उमटले होते.

"सांधाच," ते म्हणाले.

मामी पुढं आली. पिठाच्याच हातानं तिनं पूजेतला पाना उचलला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

"एक उचललात. आता बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

बूट सोडायला फार वेळ लागला नाही. तो अर्धवटच बसलेला होता. आतून तेलाचे दोन थेंब निघाले आणि मागोमाग बारीक तांबडी पूड. सांध्याचं पोलाद कोरडं घासून घासून झालेली गंजाची पूड होती ती. टायरवरच्या कुंकवाशेजारी ठेवली असती तर ओळखू आली नसती. मामांनी दोन बोटांनी सांधा हलवला. जिथं केसाइतकीही ढील नको तिथं तो चांगला डुगडुगला. सांध्याच्या एका वाटीसारख्या कपातल्या सुयांसारख्या बेअरिंगचे तुकडे त्यांच्या तळहातावर पडले.

"गेल्या दसऱ्याला मीच बसवला हा बूट," ते तळहाताशी बोलल्यासारखे बोलले. "आत तारेची रिंग असतीया. खाचंत बसली की टिक् वाजती. त्या टिक्‌वर मी हात काढतो. कायमचंच हाय ते." त्यांनी बूट उलटा करून बघितला. "वाजली असंल असं वाटलं मला."

त्यांनी तुकडे लाल कापडावर, पूजेच्या कडेला ठेवले. मग मामीकडे न बघताच विचारलं, "तुला ऐकू येत हुता?"

"चार दिवस."

"मग मारायचंस खांद्यावर."

"खांदा हॉर्नसाठी आहे," मामी म्हणाली.

खुणांबद्दल ते दोघं पहिल्यांदाच बोलत होते. मामा स्टुलावर बसले आणि तिच्याकडे पाठ केली. खाकी शर्ट, मानेजवळ विरलेला.

"मग दाखव. गाडीचा आवाज असला तर कुठं मारशील?"

"अहो, रेवा आहे इथं."

"असू दे. मार."

मामीनं क्षणभर विचार केला. मग तळहात उघडून तिनं त्यांच्या पाठीच्या मधोमध एक थाप दिली. बरीच जोरात. खाकी शर्टावर पिठाचा पांढरा पंजा उमटला.

"कळली," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दोघं एस.टी.नं माडखोलला गेले. परशुनानांनी स्टँडवर जाऊन ड्रायव्हरला, ब्रेक लागतायत का, असं विचारून त्यांना बसवून दिलं. नवा सांधा मिळायला हिवाळा उलटला. तोवर बिनचेनची शेडमध्ये उभी राहिली आणि मामा कोल्हापूरला कान तपासून आले. मशिन ते घरात लावायचे. शेडमध्ये मात्र दात.

पुढच्या दसऱ्याला मी माझी स्कूटर घेऊन त्यांच्या मागोमाग घाट उतरत होते. धुकं विरळ होत होतं. मामीची पाठ, तिच्या कडेची पिशवी, पुढं मामांचा तोच खाकी शर्ट. एका वळणावर मामीची मान एकदम ताठ झाली. तिनं कान दिला. मग तिचा हात उठला आणि मामांच्या पाठीच्या मधोमध पडला.

मामांनी मागं वळूनही पाहिलं नाही. त्यांनी वेग उतरवला, कठड्याच्या कडेला गाडी घेतली आणि स्टँडवर ओढली. डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. मला म्हणाले, "फिरव." टोक नळीवर, मूठ दातांत. येणाऱ्या-जाणाऱ्या जीपमधले लोक वाकून बघत होते. एक पोरगं हसलं. मामा डोळे मिटून बसले होते.

मी चाक फिरवत होते. काहीच आवाज नव्हता. मामांचं बोट गुडघ्यावर स्थिर होतं. पुढचं चाक बघितलं, ब्रेक बघितले, नट एकेक हातानं चाचपले. मामी पिशवी घेऊन कठड्याशी उभी होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आत काहीतरी वाजलं.

तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"करंज्यांच्या डब्याचं झाकण आहे गो," ती मला हळूच म्हणाली.

पण मामांनी तिच्या ओठांवरून ते वाचलंच. ते उठले, स्क्रू ड्रायव्हर पुसून डिकीत ठेवला, पिशवी तिच्या हातातून घेतली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. बसलं की नाही ते बघायला त्यांनी डबा तिच्या कानाशी धरून हलवला.

"वाजतंय?"

"नाही."

"बस मग," मामा म्हणाले. "आणि परत काय वाजलं तर परत मार."